कंबरेइतकं कुंपण

४ एप्रिल

भिंगरे,

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं आणि वर लिहिलंय काय, तर "माननीय महोदया". मी पाकीट उलटं करून पत्ता पुन्हा वाचला. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं आपल्या दारात पडलं की काय! खाली सही मात्र तुझीच. शेपटीला गिरकी मारायची खोड अजून गेलेली नाही.

सोबतचा अहवालही वाचला. "शहरातील उन्हाळी पाहुण्यांसाठीची आकर्षणे व विरंगुळ्याची साधने." बासष्ट पानं. मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. तळ्यातल्या होड्या तुला आवडल्या. लहान आगगाडीला नवा रंग द्या म्हणालीस, ते बरोबर आहे, डबे अगदी कळकट झालेत. टेकडीवरच्या दुर्बिणीपाशी सावली हवी, तेही खरं. होडीवाल्याला तू नवा भोंगा सुचवलास, तर तो चार दिवस छाती पुढे काढून बागेत फिरतोय. मला म्हणतो, "बघा वहिनी, तुमच्या लेकीने माझा विचार केला." मी म्हटलं, "हो, आईचा करून झाला ना, मग वेळ उरला असेल."

मग आलं पान एक्केचाळीस. भुलभुलैया. कुंपणं पुरुषभर उंच आहेत, वाट सापडत नाही, पाहुण्यांना अस्वस्थ वाटतं. सबब कुंपणं कंबरेइतकी छाटावीत, जागोजागी बाण लावावेत आणि वरून वाट सांगणाऱ्याच्या मधल्या उंच खुर्चीची गरज राहणार नसल्याने ती हलवावी.

अगं, भुलभुलैयात वाट सापडत नाही ही तक्रार आहे? उद्या तळ्यावर लिहिशील, पाणी ओलं आहे!

एकतीस वर्षं हे कुंपण माझ्या डोळ्यांपुढे आहे. पाच वर्षं तुझे बाबा खुर्चीवर होते, पुढची सव्वीस मी. दर हिवाळ्यात एक जुनं खिंडार बुजवायचं आणि एक नवं पाडायचं, म्हणजे मागच्या उन्हाळ्यात आलेला माणूस या उन्हाळ्यातही चुकला पाहिजे. हे तुझ्या बासष्ट पानांत कुठेच नाही. तू कुणाला विचारलंस? तीनशे मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर खुर्ची माझी उंच म्हणायची!

आणि एक्केचाळिसाव्या पानाच्या तळाला ते वाक्य. "पूर्वी एकदा नऊ वर्षांची एक मुलगी येथे दोन तास अडकून पडल्याची माहिती आहे." ही मुलगी कोण, ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. अडकून बिडकून काही पडली नव्हती. ती शिकत होती. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं, आजही हेच सांगते.

मी कुंपण छाटू देणार नाही. तुझ्या कचेरीला तसं कळव.

तुझी,
माननीय महोदया


१३ एप्रिल

भिंगरे,

दोन ओळींचं उत्तर. तेवढ्यासाठी तिकीट कशाला वाया घालवलंस?

"मी शिकत नव्हते, आई. मी अडकले होते, आणि मला वाट सापडली नाही म्हणून मी अजूनही स्वतःला मठ्ठ समजते."

हे वाचून मी पत्र डब्याखाली ठेवलं आणि कामावर गेले. तिथून उतरेपर्यंत त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. चौदा पायऱ्या चढून खुर्चीवर बसलं की खालची माणसं नुसत्या टोप्या आणि ओढण्या होतात, आपल्या डोक्यातलं काही उरत नाही. रविवार होता, गर्दी ही एवढी. "पिवळी टोपी, डावीकडे. नाही, तुमचं डावं. निळी पिशवी, मागे फिरा, तिथे काही नाही." घसा बसला.

एक म्हातारं जोडपं आलं होतं. बाई म्हणे डावीकडे, बुवा म्हणे उजवीकडे. तीनदा त्याच कोपऱ्यावर आले आणि तीनदा तिथेच भांडले. मी तोंड उघडलं, तर बुवा वर बघून ओरडले, "सांगू नका हो बाई! चाळीस वर्षांत पहिल्यांदा हिला माझ्यामागून यावं लागतंय!" आणि ती बाई अशी हसली की पोट धरून बसली खाली. तुझे बाण लावले असते, तर दोघं सात मिनिटांत बाहेर येऊन बाकावर घड्याळ बघत बसली असती. हे तुला कळत नाही. तू जगभर बाण लावत फिरतेस. इस्पितळात बाण, स्थानकात बाण. सहा वर्षांपूर्वी मला तुझ्याकडे राहायला बोलावलंस, तेव्हा मी म्हटलं होतं की तुझ्या घरात न्हाणीघराकडे जायलासुद्धा बाण असेल, मी गुदमरून मरेन. त्यावर तू फोन ठेवलास. मी चेष्टा केली होती गं. थोडी केली होती.

आता "मठ्ठ" म्हणतेस. तुला मठ्ठ कोण म्हणालं? मी म्हणाले असेन रागाच्या भरात. आई म्हणतेच. होडीवाला आपल्या मुलाला दिवसातून चारदा गाढव म्हणतो, तो काय पाठीवर ओझं घेऊन फिरतो?

त्या दिवशी भुलभुलैयाच्या दारात बागेचे तेव्हाचे साहेब उभे होते, सोबत त्यांचे पाहुणे. उन्हाळ्याचा पहिला दिवस. तुझ्या बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. "बाईला जमेल का? एक उन्हाळा बघू," असं साहेब माझ्या तोंडावर म्हणाले होते. नसतं जमलं तर खुर्ची गेली असती आणि बागेमागच्या आपल्या दोन खोल्याही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतेय म्हणून त्याचा भलताच अर्थ काढू नकोस.

माझं म्हणणं बदललेलं नाही.

आई


२१ एप्रिल

भिंगरे,

तुझ्या अहवालावर समितीपुढे सुनावणी आहे, दोन मेला. तुला कळलंच असेल, की तुला येऊ देणार नाहीत, खुर्चीवालीची मुलगी म्हणून. तसं बागेचे नवे साहेब म्हणाले. तुझ्या जागी तुझे वरिष्ठ येणार आहेत.

हे नवे साहेब काल घरी आले होते. वयाने तुझ्याएवढे असतील. गोड बोलतात, चपला दाराबाहेर काढतात. काखेत बागेची जुनी नोंदवही. म्हणाले, "मावशी, मलाही कुंपण छाटायचं नाहीये. अर्ध्या पाहुण्यांना तेच बघायचं असतं. पण अहवालात ते मुलीचं वाक्य आहे ना, त्यावर सगळं अडलंय. मूल अडकलं म्हटलं की समिती घाबरते. मी सव्वीस वर्षांची नोंदवही चाळली. असा प्रसंग कुठेच लिहिलेला नाही."

मी म्हटलं, "नसेल."

"मग तुम्ही समितीपुढे एवढंच सांगा, की असं काही झालंच नाही. अहवाल लिहिणाऱ्या बाई तुमच्या कन्या आहेत, घरातलं भांडण त्यांनी कागदावर आणलं. मग तो अहवालच बाद होईल. कुंपण राहील, खुर्ची राहील."

"आणि तिचं काय?"

साहेबांनी वही उगाच सारखी केली. "त्यांच्या कचेरीला ते आवडणार नाही. खोटी माहिती घातली म्हटल्यावर या कामावरून काढतीलच. पुढचं मी काय सांगू? पण मावशी, सुरुवात त्यांनी केली."

खरं बोलले. सुरुवात तूच केलीस. कानामागून आलीस आणि तिखट झालीस, ती थेट आईच्या पोटावर पाय द्यायला निघालीस. मी तुला कधी लिहिलं होतं का, की तुझे बाण उपटून टाक? तुझ्या कामाच्या आड मी आले का? मग तू का आलीस?

मी साहेबांना हो म्हणाले. ऐकलंस? हो म्हणाले, आणि चहाही पाजला. पाठीमागून वार करायची माझी सवय नाही, म्हणून आधी कळवतेय. तुला काय करायचं ते कर.

होडीवाल्याला हे सांगितलं, तर नवा भोंगा खाली ठेवून तो म्हणाला, "वहिनी, पोर ओरडत होती ते मी तळ्यावरून ऐकलं होतं त्या दिवशी." मी म्हटलं, "तुमच्या कानात पाणी गेलंय." कालपासून आम्ही बोललेलो नाही.

आई


२ मे, दुपार

भिंगरे,

आत्ताच सुनावणीहून आले. पातळही बदललेलं नाही. आधी लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मी यातलं अर्धं गाळीन. मी मला ओळखते.

लांब टेबल होतं, सात माणसं, सगळ्यांपुढे पाण्याचे पेले. तुझे वरिष्ठ टोकाला, घामाघूम. अध्यक्षबाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. नव्या साहेबांनी नोंदवही पुढे सरकवली आणि म्हणाले की असा प्रसंग नाही, हा वैयक्तिक राग आहे. तुझे वरिष्ठ उठले. मला वाटलं, आता तुझी बाजू घेतील. तर म्हणतात, "वाक्याला आधार नसेल, तर आमच्या सहकारी बाईंनी गंभीर चूक केली आहे. आम्ही त्यांच्यावर योग्य ती कारवाई करू." एका दमात! बागेत कुणी तुझ्याबद्दल असं बोललं असतं, तर मी त्याला तळ्यात ढकललं असतं.

मग मला विचारलं. "बाई, असं काही घडलं होतं का?"

मी उठले. उत्तर घोकून गेले होते. "नाही." एक शब्द. भिंगरे, माझा घसा एवढा मोठा, बाग ओलांडून तळ्यापर्यंत जाणारा, पण तो शब्द त्यातून वर येईना. अध्यक्षबाईंना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "घडलं होतं. मुलगी माझी होती आणि चूकही माझी होती. त्या वाक्यातलं एक अक्षर खोटं नाही."

मग सगळं सांगितलं. तुलाही आता पहिल्यांदाच सांगतेय, म्हणून नीट वाच.

तुझ्या बाबांची वही होती. त्यात पुढच्या वर्षीचा बदल लिहून ठेवला होता: पूर्वेच्या कोपऱ्यात, चौथ्या ओळीत नवं खिंडार पाडायचं, मग जुनं बुजवायचं. आधी उघडायचं, मग बंद करायचं, हा नियम. हिवाळ्यात माझं कशातच लक्ष नव्हतं, म्हणून ते काम उन्हाळा तोंडावर येईपर्यंत राहिलं. मी नियम पाळला. उघडलं, आणि पहिल्या दिवशी पहाटे वाढलेली झुडपं आणून जुनं खिंडार बुजवलं. पण चौथी ओळ कुठून? तुझे बाबा खुर्चीवर बसून विचार करायचे. त्यांची पहिली ओळ खुर्चीजवळची. मी खाली उभी राहून काम करणारी. मी दारापासून मोजली. म्हणजे नवं खिंडार पडलं भलतीकडेच आणि जुनं बुजलं बरोबर जागी. मधल्या गल्लीला एकही दार उरलं नाही.

आणि त्या गल्लीत तू होतीस. पुस्तक घेऊन पहाटेच जाऊन बसली होतीस, तुझ्या नेहमीच्या जागेवर. मला वाटलं तू घरात झोपली आहेस. मी माझ्या हातांनी तुला आत ठेवून कुंपण लावलं.

दहाला दार उघडलं, मी खुर्चीवर चढले आणि वरून एका नजरेत मला सगळं दिसलं. काटेरी कुंपण, दोन हात जाड, खालून सरपटायला जागा नाही. तू उभी राहून माझ्याकडे बघत होतीस. दारात साहेब. मी तेव्हाच उतरून करवत आणली असती, तर पाच मिनिटांचं काम होतं. मी उतरले नाही. मी लाल छत्रीला डावीकडे पाठवलं, पांढऱ्या सदऱ्याला उजवीकडे पाठवलं. तू "आई" म्हणून ओरडलीस, तेव्हा लोक वर बघू लागले. मी हसून म्हटलं, "घरचीच आहे. तिला सगळ्या वाटा पाठ आहेत, नाटकं करतेय." आणि लोक हसले. पाहुणे हसले. साहेबही हसले.

दोन तासांनी ते गेल्यावर मी तुला कापून बाहेर काढलं. तेव्हा तरी खरं सांगायचं! पण तू बाहेर जाऊन कुणाला बोललीस तर, ही धास्ती. म्हणून उलट तुलाच म्हणाले, "एवढी वाट सापडली नाही? भुलभुलैयावाल्याची पोर ना तू?"

भिंगरे, वाट नव्हतीच. तू शोधून सापडणार काय? तू मठ्ठ नव्हतीस. त्या गल्लीत जगातला सगळ्यात हुशार माणूस ठेवला असता, तरी तो तिथेच बसला असता.

समितीला एवढं सांगून झालं. पण मी खाली बसले नाही. म्हटलं, "हे झालं त्या दिवसाचं. आता कुंपणाचं ऐका. चूक कुंपणाची नव्हती, माझी होती. शिक्षा करायची तर मला करा, झाडांना नको. अहवालातलं ते वाक्य खरं आहे, पण अहवाल चुकीचाच आहे." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. नव्या साहेबांनी कपाळाला हात लावला. तुझे वरिष्ठ भराभर लिहून घेत होते.

निकाल लगेच दिला. कुंपण कंबरेइतकं. खुर्ची काढायची. पंधरा मेच्या आत.

रडूबिडू नकोस. मीही रडलेले नाही.

आई


१७ मे

भिंगरे,

चार पानी पत्र मिळालं. "माननीय महोदया" गेलं, "आई" आलं, बरं वाटलं. कामावर ठेवलं तुला, हेही वाचलं. ठेवतील नाहीतर काय!

पण शेवटच्या पानावर लिहितेस, अहवाल मागे घेते, पुन्हा सुनावणी मागते, कुंपण वाचवते. खबरदार! माझ्यावर उपकार करायचे नाहीत. मी खरं बोलले ते तुझ्याकडून बदल्यात काही मिळावं म्हणून नाही. तुला ते कुंपण वाईट वाटत होतं ना? मग वाईटच म्हण. मी ते चांगलं होतं असं शेवटपर्यंत म्हणेन. आपण दोघींनी एकच बोललं पाहिजे असं कुठे लिहिलंय? आणि माफीबिफीचंही लगेच काही लिहू नकोस. सव्वीस वर्षांचा राग तो. चार पानांत संपला असेल, तर मला तुझीच काळजी वाटेल.

छाटणीला बाहेरची माणसं आणणार होते, यंत्र घेऊन. मी म्हटलं, हात लावून बघा. एकतीस वर्षं या झाडांना कातर लागली ती आमच्या घरची. शेवटचीही आमच्याच घरची लागेल. दहा दिवस लागले. रोज पहाटे पाचला सुरुवात, ऊन चढलं की बंद. होडीवाला न विचारता फांद्या ओढायला आला. आम्ही पुन्हा बोलायला लागलो आहोत, म्हणजे तो बोलतो आणि मी नाही म्हणते. हात सोलवटलेत माझे, म्हणून अक्षर असं आहे. डोळे पाणावले ते एकदाच, आणि तेही चीक उडाल्याने नव्हे. लिहिते आता, लपवून काय करू?

कालपासून पाहुणे यायला लागले. मी बाकावर बसून बघत होते. लोक येतात, इकडून तिकडे नजर टाकतात, चार मिनिटांत बाहेर पडतात आणि विचारतात, "एवढंच?" एका बाईने मलाच विचारलं. मी म्हटलं, "एवढंच. तळ्यावर जा, तिथे नवा भोंगा आहे." नव्या साहेबांना ते ऐकू गेलं. त्यांनी मला बागेच्या दुसऱ्या कामावर ठेवलंय, गुलाबांवर. खोल्याही राहू दिल्यात. मी आभार मानले नाहीत. सव्वीस वर्षं घसा झिजवलाय, हे काही फुकट मिळालेलं नाही.

आणि हो, निकालपत्र मी नीट वाचून घेतलंय. त्यात "छाटावे" लिहिलंय. "पुन्हा वाढू देऊ नये" असं कुठेच लिहिलेलं नाही. मी साहेबांना ते दाखवलंही. ते म्हणाले, "मावशी, आता पुरे ना." मी म्हटलं, "तुमचं पुरे झालं असेल." ही झाडं वर्षाला हातभर वाढतात.

तू लिहितेस, येत्या गुरुवारी येते, पण मला भीती वाटते. वाटू दे. मलाही वाटतेय. भेटून आपण भांडणार हे नक्की, तेव्हा राहायचं सामान घेऊन ये. एका दिवसात उरकणारं ते काम नाही.

एक मात्र कर. बागेचं दार ओलांडलंस की तिथूनच मला हाक मार. मोठ्याने मार, लाजू नकोस, लोक बघतील तर बघू देत. त्या दिवशी तू सतरा वेळा हाक मारली होतीस. माणसांना डावीकडे-उजवीकडे पाठवत मी एकेक मोजत होते, आणि एकीलाही ओ दिली नाही. गुरुवारी मी गुलाबांत असेन, बाग भरलेली असेल, साहेबही असतील. तू हाक मार. मी ओ देईन.

आई